खुले पत्र: बोर्डाच्या मीटिंगला आम्ही बसूच नये काय?

माननीय अध्यक्ष काका, सेक्रेटरी भाऊ आणि बोर्डावरचे सगळे मॅनेजर मंडळी,

सप्रेम नमस्कार. आपल्या फ्लॅट स्कीमच्या ग्रुपवरचा तुमचा मेसेज वाचला. "यापुढे बोर्डाच्या मीटिंगला फक्त फ्लॅटमालक राहतील, बाहेरच्या कोणीही येऊन बसू नये व मधात बोलू नये, आदेशावरून." त्याखाली तीन अंगठे आले, एक नमस्कार आला, मग कोणाच्या तरी पोराच्या बर्थडेचा केक आला आणि विषय वर सरकून गेला, म्हणजे तो संपला असं तुम्ही धरून चालले असाल. मी ग्रुपवरच उत्तर टाकलं असतं तर "ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे" असं आलं असतं हे मला माहीत आहे, म्हणून हे खुलं पत्र लिहून राहिली आहे, थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगून देते, मला मत नको आहे. आम्ही भाडेकरू उद्या बोर्डावर बसू, मग मेन्टेनन्स कमी करू, मग टेरेस ताब्यात घेऊ अशी जी काही चर्चा खाली पार्किंगमधे चालते ना, तसं काहीच नाही. मत मालकाचं, आणि ते मालकाचंच राहायला पाहिजे, कारण उद्या नवीन लिफ्ट बसवायचं निघालं आणि प्रत्येकी लाखभर रुपये काढायची वेळ आली तर मी सामान भरून बेसा नाहीतर नरेंद्रनगरच्या एखाद्या स्कीममधे निघून जाऊ शकते, तुम्ही नाही जाऊ शकत. ते मला पटते. पण मीटिंगला बसणं, मीटिंगमधे बोलणं आणि मत देणं ह्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही एका ओळीच्या मेसेजमधे तिन्ही एकत्र बांधून बाहेर ठेवून दिल्या. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकी पत्र त्याचाच विस्तार आहे.

आता कायद्याचं बोलू, कारण सेक्रेटरी भाऊंनी मला जिन्यात सांगितलं की "ताई, कायद्यातच नाही बसत". भाऊ, मी वाचून आले. मुंबई-पुण्याच्या लोकांना बिल्डिंग म्हटली की सहकारी सोसायटीच आठवते, पण आपल्या नागपुरात कितीतरी फ्लॅट स्कीम सहकारी नाहीतच, त्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट, 1970 खालच्या आहेत, डीड ऑफ डिक्लेरेशन (म्हणजे ही बिल्डिंग ह्या कायद्याखाली आणली असा नोंदवलेला दस्त) केलेलं असते आणि कमिटीच्या जागी बोर्ड ऑफ मॅनेजर्स असते. आपलीही तशीच. म्हणून तर तुम्ही सगळे "मॅनेजर". सहकारी सोसायटीत एका सभासदाला एक मत असते, आपल्याकडे प्रत्येक फ्लॅटचा जो टक्क्यातला हिस्सा डिक्लेरेशनमधे लिहिला आहे त्या हिशोबानं मताचं वजन, म्हणजे मोठ्या फ्लॅटवाल्याचं मत मोठं. ठीक आहे, तसा कायदा आहे.

पण त्याच कायद्यात अजून एक गोष्ट लिहिली आहे जी मीटिंगमधे कोणी कधी वाचून दाखवत नाही. हा कायदा, डिक्लेरेशन आणि बायलॉज (म्हणजे स्कीमचे लिखित नियम) कोणाकोणाला लागू? तर फ्लॅटमालकांना, त्यांच्या भाडेकरूंना, मालकाच्या आणि भाडेकरूच्या नोकरचाकरांना आणि जो कोणी त्या जागेचा वापर करेल त्याला. भाडेकरू हा शब्द स्पष्ट आहे त्यात. सरकारी नमुन्याच्या बायलॉजमधे तर सुरुवातीलाच आहे की फ्लॅट नुसता भाड्यानं घेतला तरी बायलॉज मान्य केल्यासारखं झालं. म्हणजे पाळायची वेळ आली की मी आतली. रात्री दहानंतर गाणं वाजवायचं नाही, मला लागू. बाल्कनीतून कपडे बाहेर लोंबकळायचे नाही, मला लागू. मोटरसायकल कुठं लावायची, लागू. माझ्या धुणंभांड्याच्या बाईनं कोणती लिफ्ट वापरायची तेही लागू (त्याबद्दल वेगळं पत्र लिहीन कधीतरी, आज नाही). आणि हेच नियम ज्या खोलीत बनतात त्या खोलीच्या दारात आलं की मी बाहेरची! मला दोन मिनिटं बोलू देऊ नका असं तर बायलॉजमधे कुठंच नाही. बोलू द्या असंही नाही, मान्य आहे. म्हणजे ते तुमच्या हातात आहे, आणि हातातलं आहे म्हणूनच तुम्हाला लिहून राहिली, नाहीतर सरळ निबंधकाच्या ऑफिसात गेली असती.

आणि बाहेरचे कोणीच बसत नाहीत असं कुठं आहे काका? मागच्या उन्हाळ्यात रंगाचं काम काढलं होतं तेव्हा ठेकेदार दीड तास बसला होता. शेड कार्ड घेऊन आला होता, त्याच्यासाठी तर्री पोहे मागवले, आणि त्या मीटिंगमधे सगळ्यात जास्त कोण बोललं असेल तर तोच बोलला. लिफ्टच्या एएमसीवाला, म्हणजे वर्षाच्या देखभालीचा ठेका घेतलेला, येतो, तो बसतो. हिशोब लिहिणारे सीए साहेब येतात. ऑडिट तर वर्षातून निदान एकदा संस्थेबाहेरच्याच ऑडिटरकडून करून घ्या असं ह्याच कायद्यात आहे, म्हणजे बाहेरच्याचा डोळा कायद्यालाच पाहिजे आहे. दुसऱ्या माळ्यावरच्या आजींचा मुलगा पुण्याहून फोनवर असतो, स्पीकरवर टाकून मधात खुर्चीवर फोन ठेवतात आणि तो बोलतो, चांगला बोलतो, फ्लॅट मात्र आजींच्या नावावर आहे, त्याच्या नाही. मी म्हणते त्याला बोलूच द्यायला पाहिजे, आजींना ऐकू कमी येते, त्यांचं तोच मांडणार. पण मग तुमचा नियम काय आहे नेमका? ज्याला बिल काढायचं आहे तो बसू शकते, ज्याचा नातेवाईक मालक आहे तो बसू शकते, आणि जी दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत मेन्टेनन्स तुमच्या खात्यात टाकते ती नाही बसू शकत. हो, कायद्यानं मेन्टेनन्सची जबाबदारी मालकाची आहे, पण अग्रीमेंटमधे घरमालकानं ती माझ्यावर टाकली आहे आणि पावती फाडताना तुम्ही कधी "तुमच्याकडून नाही घेत, तुम्ही बाहेरच्या" असं म्हटलेलं मला आठवत नाही.

बरं, तत्त्वाचं सोडा, कामाचं बोलू. एप्रिलमधे बोर्डानं टाकीचा व्हॉल्व सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते आठ एवढाच उघडायचं ठरवलं. कारण खरं होतं, बोअरचं पाणी खाली गेलं होतं, टँकर परवडत नव्हते, पारा 44-45 वर गेलेला, आणि घरोघरी कूलर पाणी पिऊन राहिले होते. ठराव वाईट नव्हता. पण त्या खोलीत बसलेले सगळे एकतर रिटायर नाहीतर दुकानवाले, सकाळी आठच्या आत सगळ्यांचं आटोपते. आपल्या 28 फ्लॅटपैकी 11 भाड्यानं दिले आहेत आणि त्यातले निम्मे लोक शिफ्टवाले. दोन नर्स आहेत, मिहानमधल्या कंपन्यांत रात्रपाळी करणारी तीन पोरं आहेत. ते सकाळी नऊला घरी येतात, नळ उघडतात तर नुसती हवा. आंघोळ नाही, कूलरमधे पाणी नाही, आणि दिवसा झोपायचं नागपूरच्या एप्रिलमधे! चार दिवसांत गेटवर भांडण झालं, चौकीदाराला काहीच्या काही बोलणं झालं (त्यानं काय केलं होतं बिचाऱ्यानं), एका पोरानं रागानं व्हॉल्वच फिरवला, मग पोलिसात जाऊ, घरमालकाला सांगू, फ्लॅट खाली करा, सगळं झालं. आणि शेवटी काय ठरलं? सकाळचा एक तास कमी करून नऊ ते दहा उघडायचं. तेवढंच! पाणी तेवढंच गेलं, टँकर एकही वाढला नाही. हे त्या नर्स ताईनं मीटिंगमधे उभं राहून सांगितलं असतं तर दोन मिनिटं लागली असती. तुम्ही मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, तुम्हाला माहीतच नव्हतं, आणि माहीत होण्याचा जो रस्ता होता तोच आता तुम्ही मेसेज टाकून बंद करून राहिले.

काही जण म्हणतील की बोलायचा हक्क आणि मत वेगळं कसं ठेवायचं, एकदा बोलू दिलं की मत मागतीलच. अहो, आपल्याच शहरात पहा ना. डिसेंबरात सिव्हिल लाइन्सला विधानभवनात हिवाळी अधिवेशन असते, रस्ते बंद होतात म्हणून आपण सगळे शिव्या घालतो ते. तिथं प्रेक्षक गॅलरीत पास काढून कोणीही बसू शकते, बसायचं, ऐकायचं, एक शब्द बोलायचा नाही. म्हणजे बसणं आहे, बोलणं नाही. खाली सभागृहात जो मंत्री विधान परिषदेचा आमदार आहे तो विधानसभेत उभा राहून बोलू शकते, उत्तरं देऊ शकते, पण मतदानाची वेळ आली की त्याला तिथं मत नाही. राज्यघटनेचं कलम 177 आहे ते, मंत्री आणि महाधिवक्ता (म्हणजे राज्य सरकारचे मुख्य वकील) दोघांनाही लागू. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना विधान परिषदेवर होते, तर विधानसभेत बोलायचे, मत देऊ शकत नव्हते. राज्य चाललं ना? आणि याच्या अगदी उलटं पाहायचं असेल तर कंपनी कायदा 2013 पहा, शेअरहोल्डरनं आपल्या जागी पाठवलेला प्रॉक्सी सभेत बसू शकते, नुसते हात वर न करता रीतसर मतदान घेतलं तर मतही टाकू शकते, पण त्याला बोलायचा अधिकारच नाही. तिन्ही गोष्टी सुट्या करता येतात, लोकांनी कधीच्याच करून ठेवल्या आहेत, आपणच काऊन अडून बसलो?

महानगरपालिकेचं सांगायचं तर सभा कायद्यानं जनतेला खुली असते, नगरसेवकांनी बहुमतानं ठरवलं की हा विषय बंद दारामागं घ्यायचा तरच दार लागते. म्हणजे उघडं हा नियम आणि बंद हा अपवाद, आपल्याकडे उलटं. विजेच्या दरवाढीवर वीज नियामक आयोगाची जनसुनावणी होते, नागपुरात वनामती ह्या सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या हॉलमधे झालेल्या आहेत, तिथं तुम्ही फ्लॅटमालक आहात का असं दारावर कोणी विचारत नाही. लेखी हरकत द्या, नाव पुकारलं की बोला. निर्णय आयोगच घेते, बोलणारा नाही घेत, आणि पुष्कळदा निर्णय आपल्या विरोधातच जातो हेही खरं, पण कोणी काय म्हटलं ते आदेशात लिहून येते आणि आयोगाला त्यावर काहीतरी म्हणावं लागते. ती लिहून येण्याची गोष्ट मला महत्त्वाची वाटते, पुढं येते त्यावर.

सगळ्यात मला पटलेलं उदाहरण मात्र गडचिरोलीचं आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्यांची, विदर्भात राहून ती ऐकली नाही असा माणूस सापडायचा नाही. 2009 मधे वनहक्क कायद्याखाली जवळपास 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला त्या छोट्याशा गोंड गावानं. आता असं गाव म्हटलं की वाटते बाहेरच्याला उभंच करत नसतील, कारण बाहेरच्यांनी त्यांना काय कमी लुटलं? पण त्यांनी फार हुशारीनं दोन वेगळ्या जागा केल्या. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीनं, बहुमतानं नाही, त्यात गावकरीच. पण त्याच्या आधी अभ्यास गट बसतो, एखादा विषय समजून घ्यायला, आणि त्या अभ्यास गटात बाहेरचा माणूस बसू शकते, माहिती देऊ शकते, वाद घालू शकते. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरून आलेले कार्यकर्ते तिथं वर्षानुवर्षं बसले, बोलले, पण गावाच्या वतीनं निर्णय त्यांनी घेतला नाही. बाहेरच्याचं ऐकून घेतल्यानं गावाची सत्ता कमी झाली नाही, ऐकून घेतल्यामुळंच कायद्याची कलमं त्यांना पाठ झाली आणि सरकारी ऑफिसात त्यांना कोणी फिरवू शकलं नाही. आपण 28 फ्लॅटवाले, गेटवर इंटरकॉम लावलेला, सीसीटीव्ही लावलेला, आणि आपल्याला भीती कशाची तर तिसऱ्या माळ्यावरची बाई मीटिंगमधे बोलेल याची.

भीती अगदीच खोटी आहे असंही नाही म्हणा. मालकांच्याच सर्वसाधारण सभेत काय गोंधळ होतो तो मी दाराआडून ऐकला आहे, पार्किंगच्या विषयावर तर खुर्च्याच उचलायच्या बाकी राहिल्या होत्या, त्यात अजून अकरा घरं घातली तर रात्रीचे बारा वाजतील असं काकूंनी मला म्हटलं आणि ते बरोबर आहे. दुसरं म्हणजे थकबाकीदारांची यादी. कोणाचे किती महिन्याचे थकले, कोणाच्या घरी काय अडचण आहे, हे भाडेकरूसमोर वाचून दाखवायचं काही कारण नाही, उद्या तोच माझा घरमालक निघाला तर मला त्याच्या डोळ्यात पाहायला लाज वाटेल. ठेकेदारांची कोटेशन उघडायची असतात, चौकीदाराच्या पगाराचं किंवा त्याच्या तक्रारीचं बोलायचं असते, कोर्टाचं काही असते, तिथं दार बंदच पाहिजे. आणि तिसरं, ब्रोकर. ब्रोकरला बसू देऊ नका, कोणता फ्लॅट कोण विकून राहिलं हे ऐकायलाच तो येईल. ह्या सगळ्याला माझा विरोध नाही. पण याचा इलाज काही विषय बंद ठेवणं हा आहे, सगळीच मीटिंग बंद ठेवणं कशाला?

"भाडेकरू आज आहे उद्या नाही" हे मात्र मला नाही पटत. अकरा महिन्यांचं अग्रीमेंट असते हे खरं, पण ते पुन्हा पुन्हा होते, आणि आपल्या स्कीममधे बोर्डावरच्या काही मंडळींपेक्षा जुने भाडेकरू आहेत. उलट ज्यांनी गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेऊन ठेवले आणि स्वतः बंगलोर नाहीतर अमेरिकेत आहेत त्यांनी टाकीतलं पाणी कधी पाहिलं? त्यांना मत आहे, असू द्या. पण जिन्यातला बल्ब गेला की सेक्रेटरी भाऊंना फोन कोण करते?

तर मागणी काय. बोर्डाच्या मीटिंगची तारीख आणि विषय दोन दिवस आधी नोटीस बोर्डावर लावा, तिथं लावले की सगळ्यांना दिसते, भाडेकरूंना आणि चौकीदारालासुद्धा. सुरुवातीची वीस मिनिटं उघडी ठेवा. ज्याला बोलायचं आहे त्यानं आदल्या दिवशी सेक्रेटरी भाऊंकडे नाव आणि विषय द्यावा, एकाला तीन मिनिटं, त्यात वाद नाही, प्रत्युत्तर नाही, बोर्डाला विचारायचं असेल तर बोर्ड विचारेल. एकच तक्रार तीन जणांची असेल तर एकानंच बोलावं. विषय आपल्या स्कीमच्या कामकाजाचाच पाहिजे, कोणाच्या घरातला नाही. वीस मिनिटं झाली की बंद विषय सोडून बाकीचं मागं बसून ऐकायची मुभा द्या, तोंड बंद ठेवून. कोणी मधात बोललं तर अध्यक्ष काकांनी एकदा समज द्यावी, दुसऱ्यांदा सरळ बाहेर काढावं, मी असले तरी. आणि मघाशी म्हटलं ते, कोण काय बोललं हे मिनिट बुकात एका ओळीत लिहा आणि त्यावर बोर्डानं काय ठरवलं तेही. "विचार केला, जमत नाही" एवढं लिहिलं तरी चालेल. पुढच्या वर्षी बोर्ड बदलला की नवीन लोकांना निदान कळेल की नऊ वाजता पाणी का सोडावं लागते.

तीन-चार मीटिंग करून पहा. बाजार झाला तर बंद करा, मी स्वतः म्हणेन बंद करा. ज्यांना वाटते की सगळेच येऊन बसतील त्यांना सांगते, नाही येत हो कोणी, मालकांच्याच मीटिंगला कोरम भरत नाही, अर्धा तास थांबून मग त्याच चार जणांत मीटिंग सुरू होते. दोन-तीन जण आले तरी पुष्कळ.

चौकीदार भाऊंचं वेगळं लिहायचं होतं पण पत्र लांबलं. एवढंच लिहिते की त्यांची ड्युटी बारा तासांची करायची का हा विषय येत्या रविवारच्या अजेंड्यावर आहे असं कळलं आणि त्यांना ते कोणीच सांगितलं नाही, दूधवाल्याकडून कळलं. त्यांच्या पगाराची चर्चा बंद दारामागं करा, पण वेळ ठरवायच्या आधी त्यांना आत बोलवून विचारून घ्या.

रविवारी अकरा वाजता मी येणार आहे. विषय टाकी धुण्याचा आहे, मागच्या वेळी धुतली तेव्हा दोन दिवस वरच्या माळ्यांना गढूळ पाणी आलं ते सांगायचं आहे, तीन मिनिटांच्या आत सांगून होते. माझं नाव सेक्रेटरी भाऊंकडे शनिवारीच देऊन ठेवीन. बसू द्यायचं नसेल तर तसा ठराव करा, मिनिट बुकात लिहा आणि त्याची एक कॉपी मला द्या, म्हणजे मी घरमालकांना पाठवते, त्यांना मत आहे.

आपली,
तिसऱ्या माळ्यावरची भाडेकरू